प्रयोगानंतरचा पत्ता

शरीरावर गाठ दिसली की तिला नाव द्यायला आपल्याकडे शब्द कधी कमी पडले नाहीत. पायात काटा रुतून जांघेत सूज आली तर ते अवधाण, गळ्याभोवती गाठींची ओळ उठली तर ती गंडमाळ. आणि त्याही मागे गेले तर सुश्रुताने ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांना एकाच अध्यायात शेजारी शेजारी बसवलेले आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मानेवर आज न दुखणारी गाठ आली, तर तिचा प्रवास याच क्रमाने होतो. आधी घरचा लेप, मग क्षयाच्या गोळ्या, कारण गळ्यातली गाठ म्हणजे क्षय हा अंदाज आपल्या मुलखात बहुधा खरा ठरतो. गाठ विरत नाही आणि अंगावरचे कपडे ढिले होऊ लागतात तेव्हा कोणीतरी तुकडा काढून तपासायला पाठवतो. कागदावर ‘लिम्फोमा’ असा शब्द येतो तोवर पेरणीचे पीक घरात आलेले असते. पुढे ठरलेली औषधे सुरू होतात. डिफ्यूज लार्ज बी-सेल या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ती पूर्ण घेता आली तर दहांपैकी सुमारे सहा माणसे बरी होतात. उरलेल्यांपुढे मोठ्या शहरातला डॉक्टर एक नवा शब्द ठेवतो : ट्रायल. गावी परतल्यावर त्या शब्दाचे भाषांतर कोणी करून द्यावे लागत नाही. ‘आपल्यावर प्रयोग करणार आहेत,’ एवढेच घरात सांगितले जाते.

‘प्रयोग’ हा शब्द या जिल्ह्याने इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा अधिक गांभीर्याने वापरलेला आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या माणसाने स्वतःच्या आयुष्याच्या कहाणीलाच सत्याचे प्रयोग म्हटले, तो १९३६ मध्ये शेगावला येऊन राहिला आणि त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. त्याच्या प्रयोगांपैकी कितीतरी वैद्यकाच्या कसोटीवर टिकणारे नव्हते. मातीच्या पट्ट्या आणि कटिस्नान यांवर त्याचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाची किंमत जवळच्या माणसांनीही मोजली. पण प्रयोगाची एक अट त्याने पाळली : जो प्रयोग करतो तो प्रयोग ज्याच्यावर होतो त्याच्या शेजारी राहतो, आणि प्रयोग संपल्यावर निघून जात नाही. आज लिम्फोमाच्या चाचण्यांविषयी जी चर्चा चालते, तिच्यात नेमकी हीच अट कोणी उच्चारत नाही.

चर्चा चालते ती दोनच गोष्टींची. एक परवानगीची, दुसरी वेगाची. ७ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय औषध नियंत्रकांनी आदेश काढला की अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघ यांनी मान्यता दिलेल्या काही प्रकारच्या नव्या औषधांना भारतात पुन्हा स्थानिक चाचणीची गरज राहणार नाही. या प्रकारांत जनुकीय आणि पेशींवर आधारित उपचार येतात, म्हणजे लिम्फोमावरचे सर्वांत नवे उपचारही येतात. एका बाजूने म्हटले गेले की मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कागदपत्रांसाठी थांबवणे निर्दयपणाचे आहे. दुसऱ्या बाजूने म्हटले गेले की परक्या देहांवर तपासलेले औषध आपल्या देहांना तसेच लागू पडेल असे धरून चालणे अविचाराचे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोन्ही म्हणणी जुनी आहेत.

किती जुनी, याचा पुरावा सुश्रुतसंहितेतच आहे. मूतखड्याची शस्त्रक्रिया सांगताना ग्रंथकार वैद्याला बजावतो की काही केले नाही तर मृत्यू निश्चित आहे, केले तर जगण्याविषयी संशय आहे, म्हणून आधी विचारून मगच हात घालावा. चरकानेही असाध्य उदररोगात विषाचा उपाय करण्यापूर्वी हीच खबरदारी सांगितली आहे. संमतिपत्राची कल्पना पश्चिमेकडून आली असे मानणाऱ्यांनी या ओळी वाचाव्यात. पण आपल्याकडे सगळे आधीच होते असे मानणाऱ्यांनी त्या जरा अधिक काळजीपूर्वक वाचाव्यात. कारण विचारायचे कोणाला, तर सुश्रुताच्या मते राजाला, चरकाच्या मते नातेवाइकांना, पत्नीला, ब्राह्मणांना, राजाला आणि गुरुजनांना. ज्याच्या पोटात विष जाणार आहे त्याचे नाव या यादीत शोधावे लागते. दोन हजार वर्षांनंतरही आपल्या रुग्णालयांच्या ओसरीवर थोरला मुलगा डॉक्टरला बाजूला घेऊन सांगतो की बाबांना कॅन्सर हा शब्द सांगू नका, सह्या मी करतो. यात प्रेम आहे हे नाकारता येत नाही, आणि संमती नाही हेही नाकारता येत नाही.

ज्या आजाराची ही गोष्ट आहे त्याला वैद्यकाने स्वतंत्र ओळख दिली ती १८३२ मध्ये, लंडनमध्ये, टॉमस हॉजकिन याने काही मृतदेहांतल्या सुजलेल्या ग्रंथी आणि प्लीहा तपासून. त्याच्या नावाने या आजाराचा एक प्रकार ओळखला जाऊ लागला तो आणखी तेहतीस वर्षांनी. ओळख पटणे आणि उपचार सापडणे यांत शतकाहून अधिक अंतर पडले. त्या शतकात मराठी मुलखाने चाचणी म्हणजे काय हे पाहिले ते मात्र निराळ्याच गाठींमुळे. १८९६ च्या प्लेगात मुंबईकरांच्या जांघेत आणि काखेत उठलेल्या त्या गाठी. वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर महिना संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. ते स्वेच्छेने आले असे नोंदले आहे. तुरुंगातल्या स्वेच्छेला किती वजन द्यायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. लस उपयोगी ठरली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या लशीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली तेव्हा दोष हाफकिनच्या माथी मारला गेला, आणि तो निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ उजाडले. या प्रकरणातून सरकारने काय शिकावे? साथीच्या कायद्याची जबरदस्ती आणि लशीची स्वेच्छा यांतला फरक लोकांना स्वतःहून कळतो असे सरकारने गृहीत धरले होते. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी चालली ती जबरदस्तीमुळे. पण सुईविषयीचा संशय त्याच रागातून पिढ्यान्‌पिढ्या उरला.

आता लिम्फोमाकडे परत यायचे तर एका लष्करी गुपितातून जावे लागते. १९३० च्या दशकाच्या आरंभापासून दहाहून अधिक वर्षे ब्रिटनच्या पोर्टन डाउन या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांना मस्टर्ड वायूच्या संपर्कात आणले, आणि या वायूने गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडी अधिक भाजते काय हे तपासले. सत्तरएक वर्षांनी, २००७ मध्ये, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून उघडकीला आली; त्या सैनिकांचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा झालेला नव्हता. त्याच वायूच्या भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन हे दोघे काम करत होते. हा पदार्थ रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लसिका ग्रंथी वितळवतो हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी लिम्फोमाच्या एका रुग्णाला तो शिरेतून दिला. जे. डी. एवढ्या आद्याक्षरांनी तो माणूस इतिहासाला ठाऊक आहे. पोलंडहून आलेला, वय ४८, जबड्याखालच्या गाठींनी श्वास कोंडलेला. काही दिवसांत गाठी विरल्या, तो गिळू लागला, मान वळवू लागला. मग गाठी परतल्या आणि १ डिसेंबरला तो गेला. त्याच्या केसपेपरवर औषधाचे नावही नव्हते, युद्धकाळातली गुप्तता म्हणून ‘एक्स’ एवढेच लिहिले होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले, मस्टर्डचा गुप्त साठा असलेले जहाज फुटले, आणि मेलेल्या माणसांच्या रक्तात तोच परिणाम दिसला. येलमधल्या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले १९४६ मध्ये. म्हणजे कॅन्सरवरचे पहिले रासायनिक औषध ज्या रोगावर तपासले गेले तो लिम्फोमा, आणि ज्या माणसावर तपासले गेले त्याला आपल्या शिरेत काय जात आहे याचे नाव ठाऊक असण्याची शक्यता नव्हती.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना माणसांवरच्या प्रयोगांची दहा कलमे लिहून दिली, त्यातले पहिले स्वेच्छेच्या संमतीचे. ते साल १९४७, महिना ऑगस्ट. आपल्याकडे तिरंगा चढून आठवडाही झाला नव्हता. आपण त्या दिवसांत इतक्या मोठ्या गोष्टींत गुंतलो होतो की या छोट्या कागदाकडे आपले लक्ष जायला पुढची तेहतीस वर्षे लागली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे या विषयावरचे पहिले धोरणपत्र १९८० चे आहे.

पण कागद नसताना वर्ध्यात जे घडले ते त्या कागदाच्या पुढे गेलेले होते. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री आले तेव्हा त्यांच्या जखमांना गांधींनी स्वतः हात लावला, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत इतके घासून गेले आहे की त्यातला अर्थच दिसेनासा झाला. त्या काळी कुष्ठरोगावर जे काही होते ते चौलमोगऱ्याचे तेल, आणि त्याचा भरवसा कोणालाच नव्हता. सल्फोनची औषधे अमेरिकेत १९४० च्या दशकात पुढे आली, त्यातले स्वस्त आणि तोंडाने घेता येणारे डॅप्सोन भारतात पोचले. तेव्हा प्रश्न पडला तो असा : वसाहतीच्या कुंपणाआड चार भिंतींत दिलेले औषध रोग्याला बरे करते हे दिसते, पण गावात, घरी, शेतावर राहणाऱ्या रोग्याला ते दिले तर गावातला रोग कमी होतो काय? १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने आणि त्याचे पहिले संचालक डॉ. रा. वि. वार्डेकर यांनी हा प्रश्न गृहीत धरून सोडला नाही, तपासायला घेतला. पुढच्याच वर्षी सेवाग्रामसारख्या ठिकाणी केंद्रे सुरू झाली. पद्धत तीन शब्दांची : सर्वेक्षण, शिक्षण, उपचार.

या पद्धतीचे कौतुक करणारे तिसऱ्या शब्दावर थांबतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पहिला. सर्वेक्षण म्हणजे घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची कातडी उजेडात पाहणे, चट्ट्यावर पिसाने किंवा कापसाने स्पर्श करून संवेदना तपासणे, आणि मग वहीत लिहिणे. कोणाचे घर, कोणाचा मुलगा, कुठे लग्न होऊन गेली, कोण आज मजुरीला गेल्यामुळे भेटला नाही. ज्याला गोळी दिली त्याच्या घरी पुन्हा जायचे, ज्याला दिली नाही त्याच्याही. आज वैद्यकीय संशोधनाच्या भाषेत ज्याला ‘लॉस्ट टू फॉलोअप’ म्हणतात, म्हणजे मधेच पत्ता हरवलेला रुग्ण, तो या वहीत फार काळ हरवू शकत नसे, कारण वही घेऊन फिरणारा माणूस पंचक्रोशीतच राहत असे. १९५५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा पुढे हीच पद्धत देशभर गेली. जवळपास त्याच सुमारास मद्रासमध्ये क्षयाच्या रुग्णांची तशीच एक चाचणी झाली, तिने सिद्ध केले की घरी राहून, त्याच अपुऱ्या आहारावर गोळ्या घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. गरिबाच्या घरात चाचणी करता येते आणि तिचा निष्कर्ष श्रीमंत देशांनाही स्वीकारावा लागतो, हे १९५० च्या दशकातल्या या दोन कामांनी दाखवले.

कुष्ठरोगाच्या त्याच कामात पुढचा इशाराही दडलेला होता. एकच औषध वर्षानुवर्षे दिले की जंतू त्याला सरावतो. १९६४ मध्ये मलेशियात डॅप्सोनला दाद न देणारा कुष्ठरोग प्रयोगाने सिद्ध झाला. तरीही एकाच गोळीवर विसंबण्याची सवय सुटायला आणखी सतरा वर्षे गेली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एकाच वेळी अनेक औषधे देण्याची शिफारस केली, आणि भारतात ती जिथे सर्वांत आधी अमलात आली त्या मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. ते शक्य झाले ते वहीमुळे. ज्या जिल्ह्यात रोग्यांचे पत्ते माहीत होते तिथेच नवे औषध पोचवता आले.

लिम्फोमाच्या इतिहासाने हा धडा निराळ्या वाटेने घेतला आणि निराळ्या वाटेने विसरला. क्षयात अनेक औषधे एकत्र दिली की रोग डोके वर काढत नाही, हे पाहूनच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरवर आणि हॉजकिनच्या रोगावर चार-चार औषधे एकदम देऊन पाहिली, आणि असाध्य म्हटलेले रुग्ण बरे होऊ लागले. १९७० च्या दशकात ‘चॉप’ हा चार औषधांचा संच ठरला. तो आजही वापरात आहे. त्याच्या सलाइनकडे कधी बारकाईने पाहावे. सायक्लोफॉस्फमाइड हे त्या मस्टर्डच्याच कुळातले. तांबडे भडक दिसणारे डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण नुसते ‘लाल औषध’ म्हणतात आणि ज्यानंतर लघवीही लाल होते म्हणून घाबरतात, ते इटलीतल्या एका किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवाचे. आणि तो किल्ला त्याच बारी बंदराच्या मुलखात आहे, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती. व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीचे. सेलू-देवळीकडच्या अंगणांत तुळशीशेजारी जी उगवते आणि जिची पाने मधुमेहावर चघळली जातात तीच सदाफुली. मधुमेहावरच्या त्याच लोकसमजुतीचा माग काढताना कॅनडातल्या संशोधकांना तिच्यात पांढऱ्या पेशी घटवणारा पदार्थ सापडला होता. चौथी प्रेडनिसोलोनची गोळी.

चॉप पुरे पडत नाही म्हणून १९८० च्या दशकात सहा-सहा, आठ-आठ औषधांचे संच निघाले. पहिले अहवाल इतके उत्साहवर्धक होते की जुने औषध देणे म्हणजे रुग्णावर अन्याय, असे बोलले जाऊ लागले. मग कोणीतरी चॉप धरून चार संच समोरासमोर ठेवून चिठ्ठ्या टाकून तपासण्याचा कंटाळवाणा उद्योग केला. १९९३ मध्ये ८९९ रुग्णांचे निष्कर्ष आले : जगण्यात काहीच फरक नाही, फरक होता तो औषधानेच मरणाऱ्यांत, जुन्या चॉपमध्ये शंभरात एक, नव्या संचांपैकी एकात शंभरात सहा. दहा वर्षे तज्ज्ञांनी भारी औषध म्हणजे चांगले औषध हे गृहीत धरले होते. स्थानिक चाचणी म्हणजे निव्वळ विलंब, असे आज जे सांगतात त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

चाचणी मात्र निर्दोष असते असेही नाही, आणि हे दाखवायला परदेशी जाण्याची गरज नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जी चाचणी झाली तिच्यात ५२ गावसमूहांतल्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला की एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, ज्यांची तपासणी झाली नाही त्या गटात ६४. जगाच्या आरोग्यधोरणाला वळण देणारी ती आकडेवारी आपल्या मराठवाड्यातल्या बायकांची आहे. त्या चौसष्ट जणींना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे कडवट वाद झाला. त्या भागात तपासणीची कोणतीच सोय मुळात नव्हती, हे संशोधकांचे उत्तर खोटे नव्हते. पण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ती चाचणी झाल्यावर ज्या तपासणीने मृत्यू घटवले ती गावागावांत गेली काय? राष्ट्रीय कार्यक्रमात खेडोपाडी वापरली जाते ती अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. तिच्या बाजूने मुंबईतल्या चाचणीचा आधार आहे हे खरे. उस्मानाबादेत मात्र तिने मृत्यूंत लक्षणीय घट दाखवली नव्हती. निष्कर्ष दूरवर गेला आणि तपासणी मागे राहिली.

त्याच साली खम्मम आणि बडोद्यात मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा उपक्रम झाला, संमतीच्या कागदांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या, २०१० मध्ये तो थांबला. संसदेच्या समितीने कडक अहवाल दिला, स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान पिळले, संमती देतानाचे चित्रीकरण आले, नुकसानभरपाई आली, आणि १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम अधिसूचित झाले. या नियमांतला संमतिपत्राचा नमुना मराठीत भाषांतर करून रुग्णापुढे ठेवला जातो. निरक्षर असेल तर निःपक्षपाती साक्षीदार बसतो, शाई लावून अंगठा घेतला जातो, कॅमेरा चालू असतो. वय, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न यांनंतर एक रकाना येतो : नॉमिनीचे नाव, पत्ता आणि नाते. बँकेच्या पासबुकामुळे हा शब्द गावात सगळ्यांना कळतो. चाचणीमुळे मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी तो आहे. रकाना आवश्यकच आहे आणि तो मिळवायला लोकांना न्यायालयात जावे लागले. चाचणीनंतर औषध मिळत राहण्याची सोयही नियमांत आहे. त्यासाठी डॉक्टरने शिफारस करायची, नैतिक समितीने मान्य करायचे, दुसरा उपाय उपलब्ध नसायला हवा. आणि रुग्णाने लेखी द्यायचे की आपण स्वखुशीने घेत आहोत आणि औषध पुरवणाऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही. सुश्रुताचा वैद्य राजाला विचारून स्वतःला मोकळा करून घेत होता, एवढेच आठवले.

लिम्फोमाच्या औषधांत खरी क्रांती झाली ती १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या रिटुक्सिमॅबने. चॉपला ते जोडल्यावर साठीपुढच्या रुग्णांतही बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्ट वाढले. भारतात ते सुरुवातीला श्रीमंतांपुरते होते. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याची देशी आवृत्ती आणली आणि हळूहळू ते सरकारी योजनांतल्या रुग्णापर्यंत उतरले. म्हणजे दहा वर्षे. ती दहा वर्षे ज्यांच्या वाट्याला आली त्यांची गणती कुठे झालेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यापुढचे पाऊल मुंबईत पडले. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने घडवलेला आणि टाटा स्मारक केंद्रात रुग्णांवर तपासलेला कार-टी उपचार, नेक्सकार१९, याला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांना लिम्फोमाची पेशी ओळखायला शिकवून, पुन्हा त्याच्याच शिरेत सोडायच्या. ६४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे सगळे उपाय थकले होते त्यांतल्या ७३ टक्क्यांत रोग मागे हटला. परदेशात याची किंमत कोटींत आहे, इथे ती ३० ते ४० लाखांच्या घरात आली. ही साधी कामगिरी नव्हे, आणि स्थानिक चाचणीशिवाय ती झाली नसती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे, हेही शेजारीच लिहून ठेवावे लागते.

आता पुन्हा वर्धा. देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला सुरू केले. कस्तुरबांच्या स्मरणार्थ निघालेल्या पंधरा खाटांच्या दवाखान्याभोवती ते वाढले. इथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी १९८० च्या दशकात गावकऱ्यांकडून हंगामाला ज्वारी घेऊन दवाखान्याचा विमा उतरवण्याची योजना चालवली होती, आणि आरोग्यविम्याच्या आजच्या गदारोळात तिची आठवण कोणाला होत नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात वर्धा जिल्ह्याची नोंद ठेवण्याचे काम हीच संस्था करते, २०१० पासूनचे आकडे त्यात आहेत. म्हणजे जिल्ह्यात कोणाला लिम्फोमा झाला याची वही पुन्हा एकदा आहे. मात्र नोंदवहीचे काम मोजण्याचे आहे. कुष्ठरोगाची वही घेऊन फिरणारा माणूस गोळीही घेऊन जात असे.

रिटुक्सिमॅबसह चॉपचे सहा फेरे असतात, प्रत्येक एकवीस दिवसांनी. जुलैच्या सुरुवातीला पहिले सलाइन लागले तर सहावे ऑक्टोबरच्या मध्यावर येते. म्हणजे सोयाबीनची पेरणी उरकल्यापासून सोंगणीपर्यंतचा जवळपास पूर्ण हंगाम, आणि ज्या पिकावर येण्याजाण्याचा खर्च काढायचा ते पीक सोंगायच्या आठवड्यातच शेवटचे औषध. आष्टी किंवा कारंजा तालुक्याच्या टोकावरच्या गावातून सेवाग्राम-सावंगीला येणे म्हणजे एक दिवस मोडतो, नागपूरला दीड, आणि मुंबईला जायचे तर रेल्वेचे सवलतीचे तिकीट, परळची पायरी, आणि नशीब असेल तर दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत एक खाट. विदर्भातल्या त्या परटाच्या मुलाच्या नावाने मुंबईत ती सोय उभी राहिली नसती तर टाटातल्या कितीतरी चाचण्यांना रुग्ण मिळाले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो. पाचव्या फेऱ्याला न आलेल्या रुग्णाच्या नावापुढे कागदावर जे इंग्रजी शब्द पडतात त्यांत हंगामाचा उल्लेख नसतो.

या प्रकारच्या लिम्फोमात उपचारानंतरची पहिली दोन वर्षे निर्णायक असतात. त्या दोन वर्षांत रोग परतला नाही तर माणसाचे पुढचे आयुष्य इतरांच्या जवळपास जाते. त्यामुळे चाचणी करा वा न करा, परदेशातली चाचणी मान्य करा वा स्वतःची मांडा, आपल्या माणसांत औषध चालले की नाही हे कळायला त्या चोवीस महिन्यांचीच माहिती हवी. २०१९ च्या नियमांत स्थानिक चाचणीतून सूट घेणाऱ्या कंपनीने विक्रीनंतरचा अभ्यास करण्याचे लेखी द्यायचे असते, आणि तो अभ्यासही शेवटी याच प्रश्नापाशी येतो की रुग्ण आता कुठे आहे. दिलेला मोबाइल नंबर बंद असतो, कारण रिचार्ज संपला किंवा सिम पोराने नेले. मग कोणीतरी एसटीने त्या गावी उतरून, पारावर बसलेल्यांना नाव सांगून, घर विचारत जावे लागते. दत्तपूरच्या आणि हिंदीनगरच्या कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या माणसांनी हे काम सायकलवरून केले होते.